डाव्या सीटवरचा माणूस

माझ्या नवऱ्याचा फोटो पेपरात पहिल्या पानावर आला तो तुरुंगातून. हात वर केलेला, सगळे दात दाखवत हसणारा. खाली छापलं होतं, ‘नवा कायदा स्वीकारणारा पहिला कैदी’. समोरच्या मोहितेकाकू तो पेपर घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "कांचन, तुझा सुजित तर हिरो झाला गं!" तो पेपर त्यांच्याच तोंडावर फेकून मारावा असं मला वाटलं. पण मी त्यांच्यासाठी चहा टाकला. दुसरं काय करणार?

ह्या माणसाला हसायला काय झालं होतं? तर ज्या सरांची गाडी त्यानं अकरा वर्षं चालवली, त्यांचा कायदा मंजूर झाला होता म्हणून.

डॉ. पुरुषोत्तम उकिडवे यांना आमच्या कराडात सगळे नुसतं ‘सर’ म्हणायचे. आता त्यांच्यावर शाळेच्या पुस्तकात धडा आहे, आणि त्यात लिहिलंय ते खोटं नाही. वडील तुरुंगात कारकून, घर तुरुंगाच्या भिंतीला लागून. लहानपणी सर बघायचे, बकरी चोरलेला माणूस आणि सख्ख्या भावाचा जीव घेतलेला माणूस एकाच नळावर आंघोळ करायचे. त्यांनी वडलांना विचारलं, "ह्याला तीन वर्षं आणि त्याला चौदा, हे मोजलं कुणी?" वडलांनी एक मुस्काटात दिली. तो प्रश्न सरांनी जन्मभर सोडला नाही. वकिली केली, कॉलेजात फौजदारी कायदा शिकवला, फाशीच्या विरोधात देशभर फिरले. खटला न चालताच आत सडणारी शेकडो पोरं त्यांनी फी न घेता बाहेर काढली.

त्यातलाच एक सुजित. बाविसाव्या वर्षी पोलिसांनी त्याला एका दरोड्यात उचलला. त्या दरोड्याच्या वेळी हा पठ्ठ्या चुलतभावाच्या हळदीत नाचत होता. तरी दोन वर्षं आत गेली. सरांनी सोडवला आणि वर स्वतःच्या गाडीची किल्ली हातात दिली. तेव्हापासून सर म्हणजे ह्याचा देव. मी लग्न होऊन आले तेव्हा देव्हाऱ्यात त्यांचा फोटो तेवढा नव्हता, बाकी सगळं होतं. मी चिडवायचे, "माझ्याशी लग्न कशाला केलंस? सरांनाच हार घालायचास." तो म्हणायचा, "घातला असता, पण त्यांना पोळ्या येत नाहीत."

असा माणूस. त्याच्यावर मी फार वेळ रागावू शकत नसे, आणि तिथंच माझा घात झाला.

अपघात कुंभार्ली घाटात झाला, भर दुपारी. आजकाल निम्म्या गाड्या आपल्या आपण चालतात, पण सरांना त्यांचा तिटकारा. त्यांच्याकडं जुनी, हातानं चालवायची गाडी होती. घाट लागला की सर सुजितला डाव्या सीटवर बसवायचे आणि स्वतः चाक हातात घ्यायचे. त्या दिवशीही तसंच. चिपळूणला व्याख्यान होतं, आणि सर रस्ताभर सुजितला नवं यंत्र समजावून सांगत होते. सरांना श्रोता लागायचा, मग तो प्राध्यापक असो नाहीतर ड्रायव्हर.

"हे बघ सुजित," सर म्हणाले, "माणूस भीतीनं रडतो, दुःखानं रडतो, लाजेनं रडतो, नाटक म्हणूनही रडतो. पण पश्चात्तापाची मेंदूतली वाट वेगळी आहे. खरा पश्चात्ताप झालेल्याचा मेंदू सारखा त्या एका क्षणाच्या अलीकडं जातो. मी हात उगारला नसता तर? मी तिथं गेलोच नसतो तर? पुन्हा पुन्हा तीच येरझार. मेंदूतल्या पेशींमधून वीज खेळते तेव्हा अगदी बारीक चुंबकीय लहरी उठतात. डोक्यावर टोपी घालायची, गुन्ह्याचं दृश्य समोर दाखवायचं आणि त्या लहरी वाचायच्या. ‘नसतं तर’ची येरझार किती, ते काट्यावर दिसतं. आम्ही पट्टीचे नट बसवून पाहिले. ढसाढसा रडले बिचारे. काटा जागचा हलला नाही."

"मग सर, शिक्षा किती वर्षांची द्यायची?" सुजितनं विचारलं.

"वर्षांची द्यायचीच नाही! तीच तर गंमत आहे. काटा सत्तरच्या वर जाऊन टिकला की दार उघडायचं. चार महिन्यांत टिको नाहीतर दहा वर्षांत. बदललेल्या माणसाला एक दिवसही जास्त कोंडायचं नाही, आणि न बदललेल्याला सोडायचं नाही."

हे सांगताना सर रस्त्याकडं नाही, सुजितच्या तोंडाकडं बघत होते. वळणावर रखमा झोरे दुधाची किटली घेऊन चालली होती. धनगरवाड्यावरची बावीस वर्षांची पोर. जागच्या जागी गेली.

सरांचे हात चाकावरून निघेनात. सुजितनं ते सोडवले. सर त्याला एवढंच म्हणाले, "सुजित, विधेयक पुढच्या महिन्यात मांडायचंय रे." पुढचं काही मागितलं नाही. मागायला लागलंच नाही. पोलीस आले तेव्हा सुजित पुढं झाला आणि म्हणाला, "गाडी मी चालवत होतो." सर बाजूला दगडावर बसून होते. ते नाही म्हणाले नाहीत, हो पण म्हणाले नाहीत.

जामिनावर घरी आला तेव्हा सुजितनं मला सगळं सांगितलं. मी घर डोक्यावर घेतलं. "तुझं डोकं ठिकाणावर आहे का? माणूस मेलंय, आणि तू नाव तुझं सांगितलंस?"

"दोन वर्षांचा प्रश्न आहे कांचन," तो शांतपणे म्हणाला. "माझी दोन वर्षं सरांनी वाया जाऊ दिली नाहीत. आता त्यांच्या दोन वर्षांनी हजारो लोकांचं भलं होणार आहे. ती मी देतो."

साहेबाचा गुन्हा ड्रायव्हरनं अंगावर घ्यायचा, ही आपल्याकडं काय नवी गोष्ट आहे का? शिक्षा बांधलेली असते. कोण बसलंय याच्याशी कोठडीला देणंघेणं नसतं. दोन वर्षं म्हणजे दोन वर्षं, कुणीही बसा. मीही शेवटी तसंच समजून घेतलं आणि माझं ब्लाउज शिवायचं दुकान वाढवायला घेतलं. त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. आठ महिने गेले. मग कायदा आला.

जुन्या कैद्यांना विचारण्यात आलं, की जुन्या शिक्षेत राहायचंय की नव्या कायद्यात यायचंय? नव्यात यायचं तर गुन्हा मनापासून कबूल करायचा, अपील सोडायचं, आणि परत जुन्यात जायचं नाही. सगळे कैदी एकमेकांची तोंडं बघत उभे राहिले. सरांच्या कायद्याला पहिल्याच दिवशी कुणी हात वर करत नाही, हे सुजितला बघवेना. त्यानं हात वर केला. मग बाकीच्यांनी केले. तो फोटो तेव्हाचा.

सर तेव्हा दिल्लीत होते. मीच फोन करून सांगितलं. पलीकडून सर म्हणाले, "अरे देवा." जन्मभर नास्तिक राहिलेला माणूस तो. त्यांना देव का आठवला, ते कळायला मला वेळ लागला.

नव्या कायद्यानं तुरुंगाचं नाव बदलून परिमार्जनगृह केलं. स्वच्छ खोल्या, झाडं, वाचनालय, मारहाण नाही, बेड्या नाहीत. दर मंगळवारी मापन. टोपी घालायची, अपघाताचं दृश्य बघायचं. घाट, वळण, किटली, रखमा. मग तासाभरानं घरच्यांना भेटता यायचं. आजूबाजूचे लोक भराभर सुटत होते. बायकोला मारहाण करून तिचा हात मोडणारा सहा महिन्यांत सुटला, आणि खरंच सुधारून सुटला, हे मी कबूल करते. भावाच्या डोक्यात पहार घातलेला दोन वर्षांत सुटला. सुजितचा काटा तेवीसवर. कधी बावीस, कधी चोवीस.

कसा चढणार? मी गाडी वळवली नसती तर, असं त्याच्या मेंदूला वाटणार कुठून? त्यानं गाडी वळवलीच नव्हती. त्याला रखमाचं वाईट वाटायचं, डोळ्यांत पाणी यायचं. पण काट्याला वाईट वाटण्याशी कर्तव्य नव्हतं.

जुन्या शिक्षेची दोन वर्षं संपून गेली. तिसरं संपलं. सुजितवर अभ्यास करायला मुंबईहून मुली यायला लागल्या, पश्चात्ताप न होणारा माणूस कसा असतो ते बघायला. त्याला विचारायच्या, "लहानपणी प्राण्यांना त्रास द्यायचा का हो तुम्ही?" मोहितेकाकूंनी माझ्याकडं ब्लाउज टाकणं बंद केलं. एकदा त्यानं मापनाच्या बाईंना खरं सांगून पाहिलं. त्या गोड हसल्या आणि म्हणाल्या, "सुजित, नाकारणं ही पहिली पायरी असते." त्या दिवशी काटा एकोणिसावर आला.

मग मी सरांच्या घरी गेले. सर अंगणात उन्हाला बसून संत्रं सोलत होते. खूप थकले होते. मी चपला काढल्या नाहीत, नमस्कारही केला नाही.

"सर, खरं सांगून टाका. बास झालं आता."

त्यांनी संत्र्याची फोड माझ्यापुढं केली. मी घेतली नाही.

"कांचन, सांगून तो सुटत नाही," ते म्हणाले. "माझ्या कायद्यात बाहेर यायला एकच दार आहे. कबुली दिली आणि अपील सोडलं की निकालाला पुन्हा हात लावता येत नाही. ते कलम मीच आग्रहानं घातलं. नाहीतर प्रत्येक जण अपील करत बसला असता, आणि पश्चात्ताप कुणालाच झाला नसता."

"तुम्ही बोलला तर कायदा वाकवतील की!"

"वाकवणार नाहीत, मोडतील. काट्यानं निर्दोष माणसाला दोन वर्षांच्या वर कोंडलं, आणि ते ज्यानं काटा आणला त्याच्याच पापासाठी, हे बाहेर आलं की संपलं. ह्या कायद्यानं गेलेली फाशी परत येईल. सुटलेल्या हजारो लोकांना उरलेली शिक्षा भोगायला परत नेतील. त्यांचीही घरं आहेत, कांचन."

"आणि माझं काय आहे? गोठा आहे का?"

त्यांनी संत्रं खाली ठेवलं.

"मी स्वतःला मोजलंय. प्रयोगशाळेत, कुणाला न सांगता. तीच टोपी, तेच दृश्य. माझा काटा बारावर थांबतो."

"बारा?"

"मला वाटतं, जे झालं त्यातून चांगलं निपजलं. मेंदूला तसं एकदा पटलं की ‘नसतं तर’ची येरझार थांबते. हे मला आधी ठाऊक नव्हतं. यंत्रातला हा दोष मला माझ्यावरूनच कळला." ते हे एखाद्या वर्गात शिकवावं तसं बोलत होते. "मी आत गेलो, तर मरेपर्यंत बाहेर येणार नाही."

"मग मरा ना!" मी ओरडले. "आत जा आणि मरा! माझा नवरा तुमच्यासाठी मरतोय, तर तुम्हाला काय धाड भरलीय?"

सरांना राग आला नाही. तो आला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी हात पुसले आणि म्हणाले, "मी मेलो तरी तो आतच राहील. तुला न्याय हवाय की नवरा? दोन्ही नाही मिळणार. नवरा मी मिळवून देऊ शकतो."

आणि मी, मूर्ख बाई, म्हणाले, "कसा?"

"आठवण म्हणजे फोटो नसतो," सर सांगू लागले. "आठवण मनातून काढली की दर वेळी ती ओल्या सिमेंटसारखी होते. पुन्हा घट्ट व्हायला चार-पाच तास लागतात. तेवढ्यात तिला काही लागलं, तर ते आत बसतं आणि तिचंच होऊन जातं. हे विज्ञानाला जुनं ठाऊक आहे. मंगळवारी मापनात सुजितची आठवण ओली होते, आणि तासाभरानं तू त्याला भेटतेस. सगळ्यात जास्त विश्वास त्याचा तुझ्यावर आहे. सगळं तेच ठेवायचं. घाट तोच, वळण तेच, रखमा तीच. फक्त सीट बदलायची."

"म्हणजे त्यानंच मारलं असं त्याला वाटायला लावू मी?"

"त्याचा काटा तेवीसवर आहे, शून्यावर नाही. का नाही? कारण त्याला एक ‘नसतं तर’ आहे. मी बोलत होतो तेव्हा ‘सर, समोर बघा’ असं तो म्हणाला नाही. तेवढंच धरून पुढं न्यायचं. हाताला चाक ठाऊकच आहे, अकरा वर्षांचं. जड जाणार नाही."

मी तिथून निघून आले. आठवडाभर मी शिवणाच्या मशीनवर बसून नुसती सुई बघत होते. मला नवरा हवा होता. न्यायाबियाचं मला काय लोणचं घालायचं होतं? पुढच्या मंगळवारी मी डबा भरून गेले.

पहिल्यांदा मी म्हटलं, "ब्रेक लागला नाही तुझा, त्याला तू काय करणार?"

सुजित हसला. "माझा कुठला ब्रेक? सर चालवत होते ना, वेडे!"

"हो रे बाबा, सर," मी म्हटलं आणि त्याला शेंगदाण्याची चटणी वाढली.

दुसऱ्यांदा मी म्हटलं, "तू तिकडं सरांच्या तोंडाकडं कशाला बघितलंस?" तिसऱ्यांदा म्हटलं, "चाक गरम झालं असेल ना उन्हानं?" तो म्हणाला, "होतंच. सरांनी रुमाल..." आणि थांबला. "रुमाल मी गुंडाळायचो," तो सावकाश म्हणाला. "रोज मीच गुंडाळायचो." मी मान हलवली. हसून हलवली. त्या आठवड्यानंतर काटा एकतीसवर गेला. मापनाच्या बाई मला बाहेर भेटल्या, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाल्या, "तुमचा नवरा उघडतोय आता."

सहा महिन्यांत त्रेपन्न. पुढं जाईना. मग सरांनी दुसरी गोष्ट सुचवली, आणि मी रखमाच्या वडलांना आणायला धनगरवाड्यावर गेले.

बाबू झोरे म्हातारा, उंच, कानानं जरा कमी. मला वाटलं, मला बघून काठी घेऊन धावेल. त्यानं घोंगडं अंथरलं, ताक दिलं. म्हणाला, "येतो की. मला बी त्याला येक इचारायचं हाय."

भेटीच्या खोलीत सुजित त्याच्या पायाशी बसला. बाबूनं विचारलं, "माझी पोर शेवटाला काय बोलली का रं?"

सुजितनं माझ्याकडं बघितलं. मग त्याच्याकडं. "आई गं, म्हणाली," तो म्हणाला. "एवढंच."

म्हातारा मान डोलवत राहिला. "तिची आई नव्हती. ती लहान होती तवाच गेली." मग त्यानं आपला राठ हात सुजितच्या डोक्यावर ठेवला. "तू काय मुद्दाम न्हाय केलंस. मी तुला माफ केलं बाबा. जा घरला."

सुजितच्या तोंडून जो आवाज निघाला, तो मी त्याआधी माणसाच्या तोंडून ऐकला नव्हता. "मी वळणावर बघितलं नाही हो," तो म्हणत होता. "मी समोर बघितलं असतं तर... मी बघितलं असतं तर..." म्हातारा त्याला थोपटत होता. मी भिंतीला पाठ लावून उभी होते. ओरडून सांगावंसं वाटत होतं, अहो बाबा, हा नव्हे, ज्यानं मारलं तो कराडात शाल पांघरून बसलाय. दोन शब्द तर बोलायचे होते. मी तोंडात पदराचा बोळा कोंबला.

त्याच महिन्यात काटा सत्तरच्या वर गेला आणि टिकला. सुजित सुटला. दारात मी त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. आत येऊन तो कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसला. मी विचारलं, "काय झालं? घर आहे तुझं." तो म्हणाला, "तिलापण घर होतं, कांचन."

नवरा मिळाला मला. मिळाला म्हणजे जेवायला बसतो, दुकानात कापड उचलून देतो. हसत नाही. चिडवलं तर उत्तर देत नाही. गाडीच्या किल्लीला हात लावत नाही. महिन्यातून दोनदा चालत आणि वाटेत कुणी बसवलं तर बसून घाटात जातो, बाबू झोरेच्या शेळ्या राखतो, शेण काढतो, परत येतो. म्हातारा आता त्याला पोरगाच म्हणतो. मला वाटलं होतं, एकदा घरी आला की हळूहळू सगळं खरं सांगेन आणि मोकळा करेन. मूर्खच मी. सुटलेल्या माणसाचं दर वर्षी मापन असतं, पाच वर्षं. काटा सत्तरच्या खाली आला की परत आत. म्हणजे त्याला खरं सांगितलं आणि ते त्याला पटलं, की त्याचं दुःख जाणार, आणि दुःख गेलं की तो जाणार. असं कलम सुचायला माणूस सरांएवढाच हुशार लागतो.

सर त्याच थंडीत वारले. मंत्री आले, तोफा झाल्या. सुजित प्रेताजवळ जाऊन हमसून हमसून रडला. "माझ्यामुळं सरांच्या गाडीखाली माणूस मेलं," तो लोकांना सांगत होता. "एका शब्दानं बोलले नाहीत मला कधी." लोक त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते. मी सरांच्या तोंडाकडं बघितलं. शांत होतं. मी एक फूलही टाकलं नाही, तेवढं मात्र मी केलं. आता खरं ठाऊक असणारी एकटी मीच उरले.

गेल्या आठवड्यात सुजित घाटातून परत आला तो धापा टाकत. मी भाजी चिरत होते. तो समोर उकिडवा बसला, आणि मी त्याच्याकडं बघितलं तर त्याचा चेहरा बदललेला. काय बदललं ते पटकन कळेना. मग कळलं, की कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या. लग्नात दिसायचा तसा दिसत होता.

"कांचन," तो म्हणाला, "आज एका टेम्पोवाल्यानं मला घाटात पुढं बसवलं, डाव्या बाजूला. ते वळण आलं आणि माझा डावा हात आपोआप वर गेला, दाराच्या वरची कडी धरायला. आणि मला आठवलं. त्या दिवशी माझ्या हातात कडी होती. तळव्यात रुतली होती. चालवणारा माणूस कडी कशी धरेल? चाक कोण धरेल?"

विळीवरचा माझा हात थांबला.

"तू मला काही तरी म्हणायचीस तिथं, भेटीला यायचीस तेव्हा. मला नीट आठवत नाही." त्यानं माझे दोन्ही हात धरले. तोंडावर हसू फुटायच्या बेतात होतं. सुटल्यापासून पहिल्यांदा. "तू कधी माझ्याशी खोटं बोलली नाहीस. एकदा सांग. गाडी मीच चालवत होतो ना? का नव्हतो?"

नव्हतास. एवढंच म्हणायचं होतं. नव्हतास रे माझ्या राजा, तू डाव्या बाजूला बसला होतास, तू कुणाला मारलं नाहीस, तू आयुष्यात मुंगी मारली नाहीस. हे सगळं माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. त्याला ते ऐकून कसं वाटेल ते मला दिसत होतं. तो उठून नाचला असता. आणि मंगळवारी त्याचं वर्षाचं मापन होतं.

"तूच चालवत होतास," मी म्हटलं. "कडीबिडी काही नव्हती. मनाचे खेळ असतात हे, सुजित. सुटायला बघतं मन."

त्यानं माझे हात सोडले. आठ्या परत आल्या. "बरं झालं विचारलं," तो म्हणाला. "नाहीतर मी रखमावर फार मोठा अन्याय केला असता." आणि उठून हातपाय धुवायला गेला.

मंगळवारी मी बाहेर बाकावर बसले होते. त्याचा काटा ब्याण्णववर गेला. त्या केंद्रात इतका वर कुणाचाच गेला नव्हता. मापनाच्या बाई धावत बाहेर आल्या, त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "अभिनंदन! तुमच्यासारखी खंबीर बायको पाठीशी असली, की माणूस खऱ्यापासून पळत नाही."

मी थँक्यू म्हणाले.